दूध तुटलेल्या पिल्लांचं प्रोबायोटिक: हगवणीवर बरं, वजनावर बेताचं

डुकरांच्या खाद्यात मिसळायच्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे आतड्याला उपकारक जिवंत जिवाणूंच्या, तीन भुकट्या मी वापरून पाहिल्या. कंपन्यांची नावं देत नाही, कारण एकीबद्दल वाईट बोलणार आहे, आणि नाव कळून फारसा उपयोगही नाही. डब्याच्या पाठीवर काय छापलंय ते वाचता आलं की कुठलाही डबा तुमचा तुम्हीच तपासाल. इथं ओळखीपुरतं एकीला तपकिरी म्हणते, दुसरीला पांढरी आणि तिसरीला सात-जातवाली.

मी पिल्लांचा विभाग सांभाळते. मादी व्यायला टेकली की माझ्या ताब्यात येते आणि पिल्लं पंचवीस-तीस किलोंची होऊन वाढीच्या शेडला गेली की माझा संबंध संपतो. या मधल्या काळात झोप उडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दूध तोडल्यानंतरची हगवण. प्रोबायोटिक विकणारा दारात येतो तोही याच हगवणीचं नाव घेत. मग जोडीला वजनवाढ, खाद्यात बचत, शेडचा वास कमी, प्रतिकारशक्ती जास्त. यादी लांबत जाते तसा माझा विश्वास आखडत जातो.

निकाल आधीच सांगून टाकते. तपकिरी मी चालू ठेवली आहे, पण फक्त व्यायला आलेल्या आणि पाजणाऱ्या माद्यांना आणि दूध तुटलेल्या पिल्लांना. पांढरी पहिल्या दोन-चार दिवसांपुरती, पाण्यातून. सात-जातवाली बंद.

आता ही हगवण मुळात लागते कशी ते बघू, नाहीतर भुकटीकडून काय अपेक्षा ठेवायची हेच कळणार नाही. आईपाशी असलेलं पिल्लू रात्रंदिवस, तासा-तासाला थोडं थोडं दूध पितं. त्या दुधातल्या साखरेवर जठरातले लॅक्टोबॅसिलस जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. लहान पिल्लाच्या जठराला स्वतःचं आम्ल पुरेसं करता येत नाही, ती उणीव हे जिवाणू भरून काढतात. मोकळ्यावर असती तर मादीनं पिल्लाला तीन-चार महिने पाजलं असतं. आपण ते तीन-चार आठवड्यांत तोडतो. एका दिवसात आई गेली, दूध गेलं, कप्पा बदलला, परक्या वेतांतली पिल्लं अंगावर आली. पिल्लू पहिला दिवस, कधी दोन दिवस, खाद्याला तोंडच लावत नाही. उपाशी आतड्यातले अन्न शोषणारे अंकुर झिजून बुटके होतात आणि पूर्ववत व्हायला दीड-दोन आठवडे घेतात. मग भूक अनावर झाली की ते एकदम अधाशासारखं खातं. जठरात आम्ल अपुरं, आतड्यात शोषण अपुरं, न पचलेलं प्रथिन तसंच पुढं सरकतं. अशा वेळी ई. कोलाय या जिवाणूचे काही जहाल वाण एफ-४ किंवा एफ-१८ नावाच्या तंतूंनी लहान आतड्याच्या भिंतीला चिकटतात, विष सोडतात, आणि आतडं शोषायचं सोडून उलट पाणी ओतायला लागतं. सकाळी बरं दिसलेलं पिल्लू संध्याकाळी डोळे खोल गेलेलं सापडतं.

पूर्वी याच्यावर दोन सोपे उपाय होते. एक, खाद्यात कायम थोडं प्रतिजैविक. दुसरा, दूध तोडल्यावर दोन आठवडे किलो खाद्यामागे २५०० मिलिग्रॅम जस्त मिळेल इतकं झिंक ऑक्साइड. दोन्ही गुणकारी, यात वाद नाही. पण स्वीडननं वाढीसाठीची प्रतिजैविकं १९८६ सालीच बंद केली, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून, आणि झिंक ऑक्साइडचा तो औषधी डोसही तिथं जून २०२२ पासून बंद आहे. विष्ठेतून ते सगळं जस्त जमिनीत जातं आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणूही पोसतं, हे त्यामागचं कारण. डेन्मार्कनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाढीची प्रतिजैविकं काढली तेव्हा मोठ्या डुकरांना फारसा फरक पडला नाही, पण नुकत्याच तोडलेल्या पिल्लांत हगवण वाढली आणि काही काळ उपचारासाठीची औषधं उलट जास्त लागली. त्यात २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. कोलिस्टिन निकामी करणारा हा जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातो आणि तो डुकरांतच सापडला होता. माणसांवरचं शेवटच्या फळीतलं हे औषध आपण पिल्लांच्या हगवणीवर उधळत होतो. तेव्हापासून आमचे डॉक्टर कोलिस्टिनचं नाव काढू देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

प्रोबायोटिकचा सगळा बाजार या रिकाम्या झालेल्या जागेवर उभा आहे. म्हणूनच त्याच्याकडून प्रतिजैविकासारख्या परिणामाची आशा दाखवली जाते. तसा परिणाम होत नाही. आतड्यात जागा आणि अन्न अडवणं, आम्ल तयार करून पीएच खाली ठेवणं, शेजारच्या जिवाणूंना मारक अशी काही द्रव्यं सोडणं, आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवायला मदत करणं, एवढी त्याची कामं. सगळी हळूहळू होणारी, आणि सगळी रोग लागायच्या आधीची.

तर डब्याची पाठ. तपकिरीच्या पाठीवर मोजक्या ओळी आहेत: बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, दोन्ही नावांपुढे स्ट्रेनचा, म्हणजे जातीतल्या नेमक्या वाणाचा, क्रमांक, एका ग्रॅममध्ये २०० कोटी सीएफयू, आणि ही संख्या मुदत संपायच्या दिवसापर्यंतची हमी म्हणून दिलेली. मात्रा टनाला ५०० ग्रॅम. सीएफयू म्हणजे ताटलीत पेरल्यावर वसाहत करून दाखवणाऱ्या जिवंत जिवाणूंची मोजणी. हिशोब साधा आहे. ५०० ग्रॅम गुणिले २०० कोटी, भागिले १००० किलो, म्हणजे एका किलो खाद्यात १०० कोटी. डुकरांवरच्या प्रयोगांत बॅसिलस साधारण याच आसपास देतात. तपकिरी इथंच पास झाली.

सात-जातवालीच्या पुढच्या बाजूला सात जिवाणूंची रंगीत चित्रं आणि एक गुटगुटीत हसरं पिल्लू. पाठीवर, बारीक अक्षरात, एका ग्रॅममध्ये सगळे मिळून १० कोटी, तेही 'उत्पादनाच्या वेळी'. मात्रा टनाला १०० ग्रॅम. करा हिशोब: किलो खाद्यात १ कोटी. तपकिरीचा शंभरावा हिस्सा, आणि तोही सात जणांत वाटायचा. बरं, सात तरी खरे का? यादीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारम होता आणि चार ओळी खाली लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम होता. २०२० साली लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची फेरमांडणी झाली तेव्हा पहिल्याचंच नाव दुसरं झालं. म्हणजे सहाच. एकाही नावापुढे स्ट्रेन नाही. स्ट्रेन नसेल तर जातीच्या नावाला काडीचा अर्थ नाही. पिल्लाला हगवण लावणारा ई. कोलायच, आणि निस्सल १९१७ या नावानं माणसांना प्रोबायोटिक म्हणून दिला जातो तोही ई. कोलायच. जात एक, वागणूक उत्तर-दक्षिण. तरीही मी एका तुकडीला सात-जातवाली घालून पाहिली, कारण डबा विकत घेतलेला होता. काही दिसलं नाही. दिसेल अशी आशाही नव्हती.

तपकिरीची चाचणी मात्र मी मनापासून घेतली. वराहपालक सहसा जुन्या तुकडीला भुकटीशिवाय आणि नव्या तुकडीला भुकटी असं करून बघतात आणि फरक दिसला की भुकटीला श्रेय देऊन मोकळे होतात. पण दोन तुकड्यांच्या मध्ये हवा बदलते, मक्याचा लॉट बदलतो, माणसं रजेवर जातात. दुसरी गोम अशी की काही पिल्लांच्या आतड्यात एफ-४ किंवा एफ-१८ च्या तंतूंना धरायला जागाच नसते. ही आई-बापाकडून आलेली देणगी. असं अख्खं वेत भुकटीच्या बाजूला पडलं तर साखरेची पूड घातली तरी ती जिंकणार. म्हणून प्रत्येक वेतातली पिल्लं वजनाच्या जोड्या लावून निम्मी इकडे, निम्मी तिकडे केली. खाद्य एकच. मिक्सरमधून आधी साधं खाद्य काढायचं, मग भुकटीचं. उलट केलं तर मिक्सरच्या कोपऱ्यांत उरलेले बीजाणू, म्हणजे बॅसिलसचे जाड कवचातले सुप्त जिवाणू, साध्या खाद्यात जातात.

कप्प्यांच्या दारांवर खडूनं निळ्या आणि लाल खुणा केल्या. कुठल्या रंगाला भुकटी हे मला माहीत होतं, पण विष्ठेला गुण मी दिले नाहीत. ते काम मामांचं. मामा आमच्याकडचे सगळ्यात जुने, आणि भुकट्यांवर त्यांचा काडीइतका विश्वास नाही. परीक्षक असाच हवा. पहाटे कप्पा धुवायच्या आधी ते शून्य ते तीन गुण देत गेले: घट्ट, मऊ, पातळ, पाणी. पहिला आठवडा सरता सरता तेच म्हणाले, "ताई, लाल दारांना पाणी कमी लागतंय धुवायला. तिथं काय घातलंस?" लाल म्हणजे भुकटीवाले.

त्यांच्या वहीतही तेच उतरलं. दोन आणि तीन गुणांची पानं निळ्या बाजूला जास्त. इंजेक्शन द्यावं लागलेली पिल्लंही निळ्या बाजूला जास्त. हा फरक पहिल्या पंधरवड्याचा. तिसऱ्या आठवड्यापासून दोन्ही बाजू सारख्याच दिसायला लागल्या, कारण एव्हाना आतडी सावरलेली असतात. मरतूक दोन्हीकडे इतकी कमी होती की तिच्यावरून काही बोलणं खोटेपणा ठरेल. आणि वजन? शेड सोडताना लाल बाजूची पिल्लं सरासरीत किंचित जड होती, पण एका कप्प्यातल्या सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या पिल्लातला फरक याच्या कितीतरी पट असतो. या आधारावर मी कुणाला 'वजन वाढतं' असं सांगणार नाही.

एक गोष्ट विक्रेत्यांच्या बाजूनंही सांगायला हवी. बीजाणू चिवट असतात. धुळीतून, बुटांतून, झाडूतून ते निळ्या कप्प्यांतही पोचले असणारच. म्हणजे खरा फरक मला दिसला त्याहून थोडा जास्तही असू शकेल. शेजारी-शेजारी कप्पे असलेल्या शेडमध्ये ही चाचणी शंभर टक्के स्वच्छ होतच नाही.

पुढच्या तुकड्यांत आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकदा शेड पूर्ण रिकामी करून, धुऊन, जंतुनाशक मारून, खडखडीत वाळवून मगच पिल्लं आत घेतली. त्या तुकडीत लाल आणि निळा ओळखूच येईना. दुसरीकडे, मागची तुकडी बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी ओलसर कप्प्यांत नवी भरावी लागली, तेव्हा लाल-निळ्याचा फरक ठळक होता. प्रयोगांचे निकाल इतके उलटसुलट का येतात याचं एक मोठं कारण हेच आहे. संशोधन केंद्राच्या चकाचक शेडमध्ये प्रोबायोटिकला करायला काम उरत नाही. म्हणून कुणी मला विचारलं की भुकटी घेऊ का, तर मी आधी विचारते, दोन तुकड्यांच्या मध्ये कप्पे किती दिवस कोरडे राहतात?

आता पांढरी. तिच्यात लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेराय, म्हणजे जुना लॅक्टोबॅसिलस रॉयटेराय, आणि एन्टेरोकॉकस फेसियम. हे बीजाणू करत नाहीत, गोठवून वाळवलेले असतात, त्यामुळे नाजूक. डब्यावर २ ते ८ अंशांत ठेवा असं लिहिलंय आणि ते गंभीरपणे घ्यायला हवं. खाद्याच्या खोलीत, पत्र्याखाली ठेवलेला डबा महिन्याभरानं नुसती पावडर असतो. पण पांढरीचा एक मुद्दा बिनतोड आहे. दूध तुटलेलं पिल्लू पहिल्या दिवशी खात नाही. मग खाद्यातली भुकटी त्याच्या पोटात जाणार कशी? पाणी मात्र ते पितं. म्हणून पहिले दोन-चार दिवस पाण्यातून पांढरी, आणि खाद्याला लागलं की तपकिरी, असं मी बसवलंय.

पाण्याचं एक पथ्य कडक पाळावं लागतं. क्लोरीनचं पाणी या जिवाणूंना तिथल्या तिथं मारतं, कारण क्लोरीन असतंच त्यासाठी. मी त्या टाकीपुरतं क्लोरीन बंद ठेवते आणि पाण्यात आधी थोडी मलईविरहित दूध पावडर विरघळवते. तोंडावाटे द्यायच्या जिवंत लसींसाठी डॉक्टर हेच करायला सांगतात, उरलंसुरलं क्लोरीन त्यात मरतं. तोटा असा की दूध पावडर आणि जिवाणू मिळून नळीत आणि निपलमध्ये बुळबुळीत थर धरतो. चार दिवस झाले की लाइन धुवावीच लागते. मामा पांढरीवर नाराज आहेत ते या धुण्यामुळे. एकट्या पांढरीचा परिणाम मी तपकिरीइतका नेटानं मोजलेला नाही. पिल्लं लवकर खाद्याला लागतात असं वाटतं, पण 'वाटतं' याच्यापुढे मी जाणार नाही.

माद्यांना तपकिरी देण्यामागचं कारण मजेशीर आहे. पिल्लू जन्मल्या दिवसापासून आईची विष्ठा हुंगतं, चाटतं, थोडी खातंही. आईच्या आतड्यात जे आहे ते त्याच्या आतड्यात जायची ही पहिली वाट. व्यायच्या आधी दोन-तीन आठवड्यांपासून मादीच्या खाद्यात बीजाणू घातले की पिल्लांना वेगळं काही न देता ते पिल्लांपर्यंत पोचतात. बॅसिलस आतड्यात पाहुण्यासारखे असतात, मुक्काम ठोकत नाहीत. खाद्यातून बंद केले की काही दिवसांत विष्ठेतूनही दिसेनासे होतात. म्हणून मादीला मधूनच आठवडाभर देऊन काही साधत नाही, दूध तोडेपर्यंत सलग द्यायचं. दुधावरच्या पिल्लांत मला फरक दिसला तो माफक, पण माद्यांची विष्ठा व्यायच्या सुमारास कमी खडा झाली आणि त्या खाद्यावर लवकर आल्या. याच काळात जिवंत यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, माद्यांना देणारेही पुष्कळ आहेत. मी ते वापरलेलं नाही.

मिसळण्याबद्दल थोडं. ५०० ग्रॅम भुकटी टनाच्या मिक्सरमध्ये थेट टाकली तर ती कुठल्या पोत्यात जाईल ते देवच जाणे. आधी पाच-दहा किलो बारीक दळलेल्या खाद्यात नीट कालवायची, मग ते मिश्रण मिक्सरमध्ये. तुमचं खाद्य गोळीचं असेल तर पेलेट मशीनची वाफ ७० ते ९० अंशांपर्यंत जाते. बॅसिलसचे बीजाणू त्यातून बहुतांशी तगून निघतात, लॅक्टोबॅसिलस आवरण चढवलेले नसतील तर मरतात. सात-जातवालीच्या पुस्तिकेत 'पेलेटसाठी उत्तम' असं छापलंय आणि आवरणाचा उल्लेख कुठंच नाही. प्रतिजैविक चालू असताना प्रोबायोटिक घालणं म्हणजे एका हातानं पेरून दुसऱ्या हातानं उपटणं. बीजाणू सुप्त असेपर्यंत टिकतात, पण उगवले की तेही मरतात. मी उपचार संपला की मग सुरू करते.

वाढीच्या शेडमधल्या मोठ्या डुकरांसाठी तपकिरी घ्यावी का, हा प्रश्न माझ्या दिरांनी काढला, कारण ती शेड त्यांची. मी नको म्हटलं. मोठ्या डुकराचं आतडं स्थिरावलेलं असतं, खाद्य दसपट जातं, म्हणजे भुकटीही तेवढी जाते. त्या वयातल्या प्रयोगांत कुठं खाद्याचा उतारा, म्हणजे किलो खाद्यामागे वाढणारं वजन, थोडा सुधारलेला दिसतो, कुठं काहीच नाही. त्यांनी तरी एका बाजूला घालून पाहिली. वास कमी झाला असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास त्यांनी पंखे दुरुस्त करून घेतले होते. यावर घरात वाद अजून मिटलेला नाही.

भुकटी जिथं काहीच करणार नाही अशा जागा ओळखून ठेवाव्यात. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्ताळ हगवण होऊन पिल्लं पटापट जात असतील तर क्लॉस्ट्रिडियमचा संशय घ्यायचा. त्यावर इलाज मादीला व्यायच्या आधी दिलेली लस आणि पोटभर चीक. डुकरात आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून पिल्लात उतरत नाहीत, जे काही मिळतं ते चिकातून, तेही पहिल्या दिवसभरात. दुसऱ्या आठवड्यात दुधावरच्या पिल्लांना पिवळट, लोण्यासारखी पातळ हगवण लागली आणि प्रतिजैविकाला दाद देत नसेल तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले परजीवी. त्याचं औषध वेगळं. दूध तोडल्यावर पापण्या सुजल्या, पिल्लू लडखडायला लागलं तर तो ई. कोलायचाच सुजेचा आजार, आणि तेव्हा डबा नाही, डॉक्टर लागतात. आफ्रिकन स्वाइन फीवरपासून प्रोबायोटिक वाचवतं असं कुणी सांगितलं तर त्या माणसाला पुन्हा फाटकातून आत घेऊ नका, बुटांसकट.

तपकिरी घालायच्या आधी आम्ही पिल्लांच्या खाद्यात दोन बदल केले होते, आणि खरं सांगायचं तर हगवणीवर त्यांचा परिणाम भुकटीपेक्षा मोठा होता. प्रथिन बावीस टक्क्यांवरून एकोणीसच्या खाली आणलं आणि कमी पडणारी अमिनो आम्लं, लायसिन वगैरे, वेगळी घातली. न पचलेलं प्रथिनच उरलं नाही तर जहाल जिवाणूंना खायला काय? दुसरं, चुनखडीची भुकटी कमी केली. चुनखडी जठरातलं आम्ल शोषून घेते, आणि पिल्लाकडे आम्ल आधीच बेताचं. या दोन्हींना विक्रेता लागत नाही, म्हणून कुणी सांगायलाही येत नाही.

ज्यांच्याकडे पातळ खाद्य देण्याची सोय आहे त्यांनी आंबवलेल्या खाद्याचा विचार भुकटीच्या आधी करावा. पाण्यात भिजवलेलं धान्य लॅक्टिक जिवाणूंनी आंबलं की त्याचा पीएच साडेचारच्या खाली जातो आणि त्यात ई. कोलायचं फार चालत नाही. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये हे बरंच चालतं. गंमत अशी की आंबण्याच्या पहिल्या टप्प्यात, पीएच खाली यायच्या आधी, त्या टाकीत नको ते जिवाणूच भराभर वाढतात. तेव्हा घाई करून ओतलं तर आपणच हगवण वाढली म्हणून समजा. आणि वेगळं घातलेलं लायसिन आंबताना खर्ची पडतं, म्हणून धान्य आंबवावं आणि बाकीचं नंतर मिसळावं. आमच्याकडे गव्हाणी कोरड्या खाद्याच्या आहेत, त्यामुळे हे मी शेजारच्या फार्मवर पाहिलेलं सांगतेय.

राहता राहिला तो प्रश्न विक्रेत्याला सगळ्यात कमी आवडतो: या जिवाणूंच्या अंगात प्रतिजैविकाला न जुमानणारे जनुक आहेत का? प्रतिजैविक टाळण्यासाठी घेतलेल्या डब्यातूनच ते शेडमध्ये आणायचे असतील तर काय उपयोग! एन्टेरोकॉकसच्या बाबतीत ही शंका पोकळ नाही. एव्होपार्सिन हे प्रतिजैविक खाद्यात चालू होतं त्या काळात युरोपातल्या जनावरांत त्याच्याच कुळातल्या, माणसांना देतात त्या व्हँकोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकॉकस पसरले होते आणि १९९७ मध्ये ते औषध तिथं बंद करावं लागलं. बॅसिलस टोयोई हे तर खाद्यातलं मान्यताप्राप्त प्रोबायोटिक होतं. त्याच्या प्रतिकारक्षमतेवरून आणि विषं तयार करण्याच्या शक्यतेवरून युरोपीय संघानं त्याची परवानगी २०१३ मध्ये स्थगित केली. त्यामुळे स्ट्रेनचा तपासणी अहवाल मागायचाच, लाजायचं नाही. तपकिरीवाल्यांनी तो दोन दिवसांत पाठवला, प्रतिजैविकांच्या नावांसकट. पांढरीवाल्यांनी बऱ्याच फोननंतर पाठवला. रॉयटेरायचं पान पूर्ण आहे, एन्टेरोकॉकसचं अर्धं, म्हणून पांढरी मी फक्त त्या दोन-चार दिवसांपुरतीच ठेवली आहे आणि एन्टेरोकॉकस नसलेला पर्याय शोधतेय. सात-जातवालीवाल्यांकडे मागितला तर त्यांनी भिंतीवर लावायला एक मोठं कॅलेंडर पाठवलं. त्यावर तेच हसरं पिल्लू आहे.